साभार परत

श्री. रा. रा. उद्योग व सुरक्षा विभाग,
वाणिज्य खाते, वॉशिंग्टन यांसी,

सा. न. वि. वि.

आपले नकार आम्हांला वर्षानुवर्षे वेळेवर पोचतात. पोच द्यायची मात्र आमच्याकडून राहून गेली. आभार मानायला पुण्याच्या माणसाला जरा वेळ लागतो, एवढे समजून घ्यावे.

१९८०च्या दशकात आमच्या दिल्लीकरांनी पावसाचा अंदाज बांधायला क्रे कंपनीचा महासंगणक मागितला होता, आठवतो? (तेव्हा आपल्या दारावर निर्यात प्रशासन विभाग अशी पाटी होती, ती २००२ साली बदलली. पाट्यांच्या बाबतीत आम्ही काटेकोर असतो.) मागितला दोन प्रोसेसरचा एक्स-एमपी २४. बऱ्याच घासाघिशीनंतर मिळाला एका प्रोसेसरचा एक्स-एमपी १४, आणि तोही फक्त हवामानासाठी वापरण्याच्या अटीवर. शेजारणीने वाटीभर साखर द्यावी आणि ती चहातच पडते ना, हे बघायला ओट्याशी येऊन उभे राहावे, तसे.

त्या वाटीचा राग धरून १९८८ साली आमच्याकडे सी-डॅक ही संगणकसंस्था निघाली. तिथल्या विजय भटकर आणि मंडळींनी पुण्याच्या गणेशखिंडीत बसून १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. त्याच्या पोटात ब्रिटिश इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते, हे लपवत नाही. बाजारात सुटे मिळणारे दाणे गोळा करून आम्ही लाडू वळला. पण वळला. पुढे तो मॉस्कोलाही गेला. आपण तेव्हा ‘हो’ म्हणाला असतात, तर आम्ही दुसरा क्रे मागितला असता, मग तिसरा, आणि दुरुस्तीचा माणूस कधी येतो म्हणून जिन्याकडे डोळे लावून बसलो असतो.

सगळेच नकार इतके स्वस्तात पडले नाहीत. १९९२ साली क्रायोजेनिक इंजिनावरून आपल्या सरकारने इस्रोवर आणि रशियाच्या ग्लावकॉसमॉस संस्थेवर निर्बंध घातले. रशियाने तयार इंजिने दिली, ती बनवण्याची विद्या द्यायचे मात्र टाळले. आमच्या स्वतःच्या क्रायोजेनिक इंजिनावर जीएसएलव्ही रॉकेट नीट उडाले ते जानेवारी २०१४मध्ये. मधल्या बावीस वर्षांचे बिल वेगळे पाठवू.

जुन्या गोष्टी जाऊ द्या. अलीकडच्या कारभाराने मात्र आम्ही थक्क आहोत. जानेवारी २०२५मध्ये आपण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपांची पंगत मांडलीत. अठरा मित्रदेशांना मानाची पाने. आमचे पान दुसऱ्या पंगतीत, जिलब्या मोजून. आम्ही हात धुऊन टेकतोय तोच मे महिन्यात पंगतच उठवलीत!

आणि चीनच्या बाबतीत तर कमालच. २०२२मध्ये एनव्हिडियाच्या ए१०० आणि एच१०० या चिपा तिकडे पाठवणे बंद झाले. कंपनीने जरा लंगड्या केलेल्या ए८०० आणि एच८०० काढल्या. वर्षभराने त्याही बंद. मग आणखी लंगडी एच२०. ती एप्रिल २०२५मध्ये अडवलीत आणि ऑगस्टमध्ये सोडलीत, विक्रीतले पंधरा टक्के सरकारजमा करण्याच्या बोलीवर. डिसेंबरात तिच्याहून तगड्या एच२००चा विषय निघाला, तेव्हा दर पंचवीस टक्के झाला. राष्ट्राच्या सुरक्षेला धोका असलेली वस्तू टक्केवारी मोजली की निर्धोक कशी होते, हे शास्त्र आम्हांला कोणी शिकवले नव्हते. आमचे जकात नाके बंद होऊन वर्षे लोटली, नाहीतर तिथल्या जुन्या कारकुनांनी आपला गंडा बांधला असता.

आता मूळ कामाचे. माझा भाचा भोसरीला विजेच्या दुचाकींच्या मोटरी बनवतो. त्यांच्यातल्या चुंबकात चिमूटभर डिस्प्रोसियम असते; मोटर तापली तरी चुंबकाने दम सोडू नये म्हणून. एप्रिल २०२५मध्ये चीनने ते आणि आणखी सहा दुर्मिळ धातू परवान्याखाली आणले. कारण काय दिले? राष्ट्रीय सुरक्षा. भाच्यापुढे अंतिम वापरकर्त्याच्या प्रमाणपत्राचा फॉर्म आला आणि गडी चक्रावला. माल लष्करी कामाला वापरणार नाही, दुसऱ्याला देणार नाही, वगैरे. शिक्के कुठे मारायचे ते कळेना म्हणून रात्री माझ्याकडे घेऊन आला. मी चष्मा लावून वाचला आणि गहिवरलो. तीच साखरेची वाटी, तोच ओटा! फक्त शेजारीण बदललेली.

शिष्य गुरूच्या पुढे गेला, याबद्दल आपले अभिनंदन. सवडीने एक कळवावे: ‘वस्तूचा अंतिम उपयोग’ या रकान्यात भाच्याने काय लिहावे? त्याने लिहिले आहे, ‘चाक फिरवणे’. रणगाड्यालाही चाके असतात म्हणून फॉर्म परत यायचा, अशी मला भीती आहे. आपला अनुभव दांडगा.

कळावे, लोभ असावा (अटींशिवाय).

आपला,
एक पुणेकर

ता. क. : भाच्याने आता साध्या फेराइट चुंबकांवर मोटर करून पाहायला घेतली आहे. अजून जड होते आणि कात्रजच्या चढाला धापा टाकते. या पत्राची एक प्रत बीजिंगलाही पाठवायची आहे. तिथल्या खात्याचा पत्ता आपल्याकडे असेलच.