पालकांना घेऊन या!

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, 2020 म्हणते, शिक्षण आयुष्यभर चालावे. मोठ्या वयात पुन्हा प्रवेश घ्यायला गेलात, तर महाविद्यालयाची खिडकी म्हणते, मधली वीस वर्षे कुठे होतात ते प्रतिज्ञापत्रावर लिहून आणा. संसार केला, नोकरी केली, मुले शिकवली. कार्यालयाच्या लेखी हा सगळा रिकामा काळ! यूजीसीच्या 2009च्या रॅगिंगविरोधी नियमांनुसार पालकांचेही हमीपत्र लागते. म्हणजे पंचेचाळिशीच्या काकू वर्गात कुणाला छळणार नाहीत, याची हमी त्यांच्या ऐंशीतल्या वडिलांनी द्यायची. वर पंचाहत्तर टक्के हजेरी. तास अकराला आणि नोकरीही अकराला. तक्रार केलीच, तर उत्तर तयार: ‘मग मुक्त विद्यापीठात जा ना!’ नाशिकचे मुक्त विद्यापीठ 1989पासून आहेच. पण म्हणून बाकीच्यांनी दारे लावून घ्यायची? प्रौढांना सवलती देणे राहू द्या, आधी त्यांना प्रौढ तरी समजा.