लिंबूटिंबू

डोंबिवलीत राहणारा माणूस पन्नाशीपर्यंत बऱ्याच गोष्टींचा सभासद होऊन बसलेला असतो. सोसायटीचा तर तो नाइलाजाने असतोच. शिवाय एखाद्या पतपेढीचा, वाचनालयाचा, गणेशोत्सव मंडळाचा आणि ठरलेल्या लोकलच्या ठरलेल्या डब्यातल्या भजनी मंडळाचा. या सगळ्या ठिकाणी वय वाढेल तसा मान वाढत जातो. सोसायटीच्या सभेत टाकीच्या गळतीवर आपलं मत विचारतात, डब्यात चौथी सीट न मागता मिळते, लग्नात आहेराची वही आपल्या हातात देतात. हळूहळू आपण जाणते होतो. त्यात वाईट काही नाही. फक्त एकदा जाणत्यांत गणना झाली की कुणी काही शिकवायला येत नाही.

म्हणून, किंवा डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून, मी गिर्यारोहण क्लबचा सभासद झालो. दोन्ही कारणं खरी आहेत. घरी दुसरं सांगितलं.

क्लब आठवड्यातून एका संध्याकाळी शाळेच्या वर्गात भरतो. बाक चौथीच्या मुलांच्या मापाचे. त्यात बसलेला पन्नाशीचा माणूस आपोआपच नम्र दिसतो, कारण गुडघे छातीशी आलेले असतात. मला एक अर्ज भरायला दिला. नाव, पत्ता, रक्तगट, दमा किंवा रक्तदाब आहे का, उंचीची भीती वाटते का, अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं. आत्तापर्यंत इतके अर्ज भरले, पण 'उंचीची भीती' बँकेनेसुद्धा विचारली नव्हती. शेवटचा रकाना होता 'यापूर्वी केलेले ट्रेक'. मी विचार करून 'माथेरान' लिहिलं.

समोर बसलेल्या मुलीने अर्ज वाचला. "अरे वा! कुठल्या वाटेने गेलात काका? गार्बेट की वन ट्री हिल?"

"नेरळहून. मिनी ट्रेनने."

तिने अजिबात न हसता रकान्यासमोर 'नवीन' असं लिहिलं. हे न हसणं किती अवघड असतं ते मला नंतर कळलं, कारण तिच्या मागच्या बाकावरच्या तिघांना ते जमलं नव्हतं. तिचं वय असेल चोविसेक. उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेतून तिने 'बेसिक' आणि 'अ‍ॅडव्हान्स' असे दोन्ही कोर्स केले आहेत आणि ती आमची लीडर आहे. ऑफिसात माझ्या हाताखाली तिच्या वयाची चार मुलं आहेत. ती माझ्यासमोर उभी राहून बोलतात. इथे मी बाकावर आणि ही फळ्यापाशी.

जगातला पहिला गिर्यारोहण क्लब म्हणजे लंडनचा अल्पाइन क्लब, १८५७ सालचा. तिथेही आधी केलेले डोंगर सांगावे लागत आणि ते पुरेसे आहेत की नाहीत हे समिती ठरवी. माझं माथेरान तिथे चाललं नसतं. आमच्या लीडरचं उत्तरकाशीही चाललं नसतं, कारण शंभरावर वर्षं त्यांनी बायकांना आत घेतलंच नाही. मग बायकांनी १९०७ साली आपला वेगळा क्लब काढला. योगायोग असा की माझी ती मिनी ट्रेनही १९०७ सालीच सुरू झाली. हा योगायोग मी मोठ्या उत्साहाने लीडरला सांगितला. ती म्हणाली, "काका, अर्जावर फोटो राहिलाय."

आमच्याकडे हे वेड तसं उशिरा आलं, पण आलं ते मुक्कामालाच. तेनसिंग आणि हिलरी १९५३ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर पोचले आणि पुढच्याच वर्षी मुंबईत 'गिरिविहार' सुरू झाली. आता मध्य रेल्वेच्या बऱ्याच मोठ्या स्टेशनांना आपापला क्लब आहे. मुलुंडच्या लोकांनी तर स्वतःचं नाव 'चक्रम हायकर्स' ठेवून टाकलंय, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना वेगळं काही म्हणायला जागाच ठेवली नाही. आमच्या डोंबिवलीच्या 'ट्रेक क्षितिज'वाल्यांनी शेकडो किल्ल्यांची माहिती जमवून ठेवली आहे. कुठल्या गडावर पाण्याचं टाकं कुठे आणि मुक्कामाची गुहा कुठे, ते सगळं. दर पावसाळ्यात मुलुंडला गिरिमित्र संमेलन भरतं, तिथे ही सगळी मंडळी एकत्र येतात. डोंगरात जाणाऱ्यांनी सभागृहात खुर्च्यांवर बसून डोंगराबद्दल ऐकायचं, हे मला आधी विचित्र वाटलं होतं. पण साहित्य संमेलनात तरी कोण लिहीत बसतं?

खरं तर कल्याण-डोंबिवलीकराने डोंगरात न जाणं हेच विचित्र आहे. आमच्या वडिलांच्या पिढीने इथे घरं घेतली ती दादर-गिरगावात परवडेनात म्हणून. खोली किती बाय किती, नळाला पाणी किती वाजता, स्टेशन किती मिनिटांवर, एवढंच तेव्हा पाहिलं गेलं. आपण दोन घाटांच्या बेचक्यात जागा घेतोय, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. रेल्वे १८५३ ला ठाण्यापर्यंत आणि पुढल्या वर्षी कल्याणपर्यंत आली. तिथून तिला दोन फाटे फुटले, एक कसाऱ्याकडे थळ घाटात आणि एक कर्जतकडे बोरघाटात. इंग्रज इंजिनियरांनी हे दोन घाट चढवले त्याच्या दोन हजार वर्षं आधी याच कल्याण बंदरातला माल मुरबाडवरून नाणेघाटात चढून जुन्नरला जात होता. घाटाच्या माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे आणि गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख. म्हणजे कल्याणहून निघून पाठीवर ओझं घेऊन सह्याद्री चढायचा, हा काही आमच्या क्लबने काढलेला प्रकार नाही. फरक इतकाच की त्या लोकांना वर पोचल्यावर पैसे मिळत. आम्ही निघतानाच भरतो.

आणि डोंगर म्हणावे तर रोज दिसतात. कर्जत लोकलच्या उजव्या खिडकीत बसलात तर अंबरनाथच्या पुढे मलंगगड, तवली, चंदेरी, म्हैसमाळ, नाखिंड, पेब आणि मग माथेरान अशी अख्खी ओळ उभी असते. बदलापूरला वर्षानुवर्षं ऑडिटला गेलो तेव्हा मी ती पाहिली असणारच. पण तेव्हा ते सगळं मिळून 'डोंगर' होतं. क्लबात आल्यावर त्यांना नावं फुटली, आणि नावं कळल्यापासून खिडकीच्या सीटसाठी मी जरा जास्तच भांडू लागलोय.

नवीन सभासदाला पहिले काही आठवडे भाषेचीच चढण असते. पहिल्या सभेत कुणीतरी सांगत होतं, "सोंडेने चढलो, पदरात आलो, तिथून आडवं मारत नाळेच्या तोंडाशी, पण पुढे सगळा घसारा, मग रोप लावला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. लग्नाच्या पंगतीत अनोळखी घराण्याची भांडणं ऐकताना डोलावतात, तशी. घसारा म्हणजे पायाखालून सुटणारी बारीक दगडमाती, हे मला पुढे प्रत्यक्ष बसून कळलं. बसायचं ठरवलं नव्हतं.

पहिली मोहीम आसनगावच्या माहुलीची निघाली. लीडरने यादी पाठवली होती: तीन लिटर पाणी, टोपी, विजेरी, जुने चालतील पण सोल चांगला असलेले बूट, स्वतःचं ताट, वाटी, मग. शेवटी 'कॉटनची जीन्स नको' असं ठळक अक्षरात. मी सॅक भरली तेव्हा बायकोने एकदाच आत डोकावलं आणि म्हणाली, "परत येणार आहात ना?" ती सॅक घेऊन पहाटेच्या कसारा लोकलमध्ये चढलो आणि सवयीने ती पुढे छातीवर घेतली. डबा जवळपास रिकामा होता. दोन भाजीवाले, एक झोपलेला पोलीस आणि आम्ही. रिकाम्या डब्यात पोटाशी सॅक धरून उभ्या असलेल्या मला पाहून लीडर म्हणाली, "काका, बसा." रिकाम्या लोकलमध्ये काय करायचं असतं ते मला खरोखरच सुचलं नव्हतं.

माहुली साधारण २८०० फुटांचा आहे. कागदावर हे फार वाटत नाही. पण पायथा जवळजवळ समुद्राच्या पातळीला, म्हणजे सूट नाही. वर जंगलात हवा कोंडलेली, अंगातून घामाच्या धारा. आमच्या क्लबची रीत अशी की लीडर पुढे, सगळ्यात अनुभवी माणूस सगळ्यात मागे आणि नवे मध्ये. मागचं काम एका निवृत्त बँकवाल्या काकांकडे होतं, वय सत्तरीचं. मध्ये असलेला मी थोड्याच वेळात शेवटून दुसरा झालो, आणि मग दिवसभर आम्ही दोघंच बरोबर होतो. मी थांबलो की ते थांबत. त्यांनी मला एकदाही 'चला' म्हटलं नाही की 'दमलात का' विचारलं नाही. मी थांबलो की ते बुटाची नाडी बांधायला वाकत. इतक्या वेळा नाडी सुटलेला माणूस मी आयुष्यात पाहिलेला नाही.

लोखंडी शिडीच्या अलीकडे मी एका दगडावर टेकलो तेव्हा त्यांनी नाडी बांधता बांधता सांगितलं की १६३६ साली शहाजीराजे याच गडावर वेढ्यात अडकले होते, जिजाबाई आणि सहा वर्षांचे शिवाजीराजे बरोबर. पुढे पुरंदरच्या तहात गड मोगलांकडे गेला. "१६७० च्या फेब्रुवारीत महाराजांच्या फौजेने हल्ला केला, पण नाही मिळाला. मागे फिरावं लागलं. मग जूनमध्ये मोरोपंतांनी घेतला." हे ऐकून मला जे बरं वाटलं ते इतिहासाच्या कुठल्याही तासाला वाटलं नव्हतं. प्रत्यक्ष मावळ्यांना चार महिने लागलेला गड आहे. मी अर्धा तास जास्त घेतला तर बिघडलं कुठे?

याच वाटेवर डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक मावशी वरून उतरत आली, पायात स्लिपर. आमचे बूट, काठ्या, टोप्या तिने शांतपणे पाहिल्या.

"वर काय हाय?" तिने विचारलं.

गिर्यारोहक मॅलरीला न्यूयॉर्कमध्ये एव्हरेस्टबद्दल असंच विचारलं होतं. तो आहे म्हणून, अशा अर्थाचं त्याचं उत्तर शंभर वर्षं लोक भिंतींवर लावत आलेत. मी काहीतरी शहाजीराजांबद्दल सांगायच्या बेतात होतो. तेवढ्यात मला पाणी द्यायला परत खाली आलेली लीडर म्हणाली, "काही नाही, मावशी. जाऊन येतो." मावशीचं समाधान झालं. ती उतरून गेली.

माथ्यावरून नवरा, नवरी आणि भटोजी हे सुळके दिसतात. लग्न लागून शतकं झाली तरी भटजी जागचे हलायला तयार नाहीत, दक्षिणा राहिली असणार. पलीकडे भंडारगडाच्या बाजूला कल्याण दरवाजा आहे म्हणे. मी एरवी कल्याणला जायला इतका आतुर कधी नसतो, पण तिकडची वाट अवघड, नव्यांना नेत नाहीत. जुने चारजण गेले. आम्हाला कांदे चिरायला ठेवलं.

माझ्या मते क्लबचा सभासद खऱ्या अर्थाने होतो तो इथे, कांद्यापाशी. खिचडी वीस माणसांची. मी बसलो होतो एका अकरावीतल्या मुलाशेजारी, तोही नवा. आमचा दर्जा एकच. त्याने मला बारावीच्या गणिताबद्दल विचारलं नाही, करिअरबद्दल विचारलं नाही, फक्त म्हणाला, "काका, तुमचे तुकडे फार मोठे होतायत." आणि बारीक कसे चिरायचे ते दाखवलं. टोप घासायचा तेव्हाही आम्हीच. पाणी टाक्यापासून लांब नेऊन ओतायचं, साबण वापरायचा नाही, राखेने घासायचं. माझा टोप लीडरने उन्हाकडे धरून पाहिला आणि परत दिला. लहानपणी आट्यापाट्यात मला कुणी लिंबूटिंबू केलं की मी रडत घरी यायचो. इथे टोप पुन्हा घासताना मला मजा येत होती, ही गोष्ट मी अजून बायकोला सांगितलेली नाही. घरातही टोप आहेत.

आता पावसाळ्याआधी नव्यांचं प्रस्तरारोहणाचं शिक्षण चालू आहे. ते मुंब्र्याच्या डोंगरात. इतकी वर्षं मुंब्रा म्हणजे माझ्यासाठी बोगद्याच्या आधी डोळे मिटायचं ठिकाण होतं. त्याच स्टेशनला उतरून मागच्या कातळाला हात लावला तेव्हा कळलं की सकाळी अकरालाच तो तव्यासारखा तापतो. ठाण्याचे सभासद येऊरला फिरून येऊन पाय मोकळे झाले म्हणतात; त्यांनाही मुंब्रा जड गेलं, एवढं समाधान. कातळावर चढायच्या आधी गाठी. फिगर-एट, बोलाईन, क्लोव्ह हिच, प्रुसिक. लीडरने प्रत्येकाला हातभर दोरी दिली आणि घरून पाठ करून यायला सांगितलं. मी लोकलमध्ये सरावाला घेतली तर शेजारच्याने काळजीने विचारलं, "सगळं ठीक आहे ना घरी?"

पहिली जमली ती फिगर-एट. आठाचा आकडा आणि त्याच्यामागून पुन्हा आठ. जमल्याच्या आनंदात मी गॅलरीतली कपड्यांची जुनी दोरी काढून नवी लावली, दोन्ही टोकांना फिगर-एट. बायकोने त्यावर ओल्या चादरी, दोन जीन्स आणि एक घोंगडी घातली. दोरी जराही वाकली नाही. चार दिवसांनी गॅलरी रंगवायला माणूस आला आणि दोरी सोडायला लागला, ती सुटेना. मी सोडून पाहिली, सुटेना. पक्कड आणली. शेवटी लीडरला फोन लावला.

"वजन आलं होतं का तिच्यावर?" तिने विचारलं.

"चादरी होत्या. ओल्या."

"मग आता नाही सुटायची. सुटू नये म्हणूनच ती मारतात, काका. कपड्यांसाठी क्लोव्ह हिच. आणि शनिवारी बोलाईन तयार ठेवा, मी बघणार आहे."

रंगवणारा माणूस दोरीच्या अलीकडून आणि पलीकडून रंगवून गेला.