किती वॅटचा घ्यावा?

उत्रोलीत कुणी फोटोसाठी लाइट घ्यायचं काढलं की पहिला प्रश्न ठरलेला, "किती वॅटचा?" विहिरीवरची मोटार जशी अश्वशक्ती विचारून घेतात, तसा उजेड वॅट विचारून घ्यावा, अशी आपली समजूत. त्यात भोर शेजारी. तिथल्या राजवाड्यात सिनेमांची शूटिंगं होतात. जनरेटरची गाडी आणि पुरुषभर उंचीचे दिवे बघून आलेला माणूस घरच्या इंद्रायणी तांदळाच्या पिशवीलाही हॅलोजनच मागणार. त्याला एक दिसलेलं नसतं. त्या महागड्या दिव्यापुढे लाइटमनने पांढरं कापड ताणलेलं असतं आणि पलीकडे एक पोरगा उजेड परतवायला थर्माकोल धरून ताटकळत असतो. साधा थर्माकोल, टीव्हीच्या खोक्यातून निघतो तसला. 2018 च्या थर्माकोलबंदीनंतर तो गणपतीच्या मखरातून गेला. फोटोवाल्यांकडे मात्र अजून मानाने नांदतो.

उजेड मऊ पडतो तो दिव्याच्या आकारामुळे. सूर्य एवढा अवाढव्य, पण इथून दिसतो जेमतेम अर्ध्या अंशाचा, म्हणून दुपारी नाकाची सावली मिशीवर कडक उतरते. आषाढात रोहिडा किल्ल्यावर ढग टेकले की अख्खं आभाळच दिवा होतं. असा दिवा पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतही मिळायचा नाही.

ढग नसतील तर पडवी आहे. वरून छप्पर, एका बाजूने उघडं आभाळ. उत्तरेकडची असली तर उत्तमच. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तेव्हा विजेचे दिवे कुठे होते? भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या काळात फोटो काढत होते ते सूर्याच्या भरवशावर, आणि त्याचं बिल येत नसे.

विकत घ्यायचाच तर वॅटआधी सीआरआय विचारावा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा. घरगुती एलईडी बल्बचा साधारण 80 असतो, फोटोला 95 च्या आसपास हवा. नाहीतर लग्नाच्या मुलीचा चेहरा कावीळ झाल्यासारखा येतो आणि स्थळाकडून निरोप येत नाही. शिवाय दिवा जवळ घ्यावा. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाईवर येतो; म्हणजे चौपट वॅटचे पैसे दोन पावलं पुढे सरकून वाचतात. काटकसरीची इतकी सोपी युक्ती भौतिकशास्त्राने दुसरी दिलेली नाही.

तांदळाला समोरून उजेड मारला तर पांढऱ्यावर पांढरं, सगळं सपाट. काळ्या घोंगडीवर पसरून बाजूने उजेड द्यावा, दाणा न् दाणा उठून दिसतो. नंतर घोंगडीतून ते वेचायचे कुणी, हा प्रश्न वहिनींसमोर काढू नये.

पितळी समई त्याहून खट. ती स्वतःपेक्षा आजूबाजूचंच जास्त दाखवते: फोटोवाला, त्याचं पोट, दोरीवरचे वाळते कपडे. तिच्याभोवती पांढरा पडदा लागतो. बाजारात त्यासाठी तयार तंबू मिळतात, पण माझं मत आजोबांच्या धुऊन धुऊन विरलेल्या धोतराला. त्यातून उजेड गाळून येतो. फक्त त्याला नीळ दिलेली नसावी, नाहीतर पितळेवर निळसर झाक येते.

एवढं सगळं जमल्यावरच खिशाला हात घालावा. पहिली खरेदी सेलवर चालणारा एक मॅन्युअल फ्लॅश, एक स्टँड आणि पांढरी छत्री. पावसाळ्यात वीज गेली तरी फ्लॅश अडत नाही. छत्रीला मात्र कुलूप हवं. धार काढायला निघालेला माणूस ती कशासाठी आहे ते विचारत बसत नाही.

आता आजोबांनाही फोटो हवाय. "नंतर हार घालायला लागंल, तवा धावपळ नगं," म्हणाले. चांगला, ऐटीत बसलेला, पायापर्यंतचा. सगळं मांडून झालं, बाजूने मऊ उजेडही आला. आजोबा मात्र आतल्या खोलीतून बाहेर येईनात.

"आजोबा, या की. उजेड चाललाय."

"आरं, दोन्ही धोतरं तिकडं टांगलीस. नेसू काय?"

फोटो छातीपासून वर घ्यायचं ठरलं.