दोन हिंगणी आणि एक वळसा

कर्वेनगर म्हणजे मूळचं हिंगणे बुद्रुक. मुठेपलीकडे हिंगणे खुर्द. उन्हाळ्यात मधल्या पात्राला नाला म्हटलं, तर नाल्याने अब्रुनुकसानीचा दावा लावावा. तरी बुद्रुकातून खुर्दात जायचं म्हणजे एकतर राजाराम पूल गाठा, नाहीतर थेट वारज्याच्या महामार्गावरचा पूल. तिथे बंगळुरूला निघालेल्या कंटेनरच्या मागे, पलीकडच्या मावशींकडे पुरणपोळीचा डबा पोचवायला निघालेले आपण!

मधे पलीकडच्या सनसिटीला जोडणारा पूल हवा, हे सगळ्यांना कधीचंच मान्य. पण पूल बांधायचा नदीवर आणि अडला तो काठावर, भूसंपादनात. पाण्याचा सातबारा नसतो, हे महापालिकेचं नशीब.

नदीला मात्र असली अडचण नाही. जुलै २०२४ मध्ये खडकवासला धरणातून विसर्ग वाढला आणि ती काठच्या एकतानगरीतल्या घरांत शिरली. ना नोटीस, ना मोबदला, ना हरकती-सूचना.

ज्यांच्या नावाचं हे कर्वेनगर, ते अण्णासाहेब कर्वे हिंगण्याहून फर्ग्युसन कॉलेजात पायीच शिकवायला जात. संध्याकाळी सहाला राजाराम पुलावर आज ते आपल्या गाडीला सहज मागे टाकतील. वर फुटपाथवरचे स्कूटरवालेच त्यांना बाजूला व्हायला सांगतील.