काकूंची बॅग, हज्जनबीचा पहारा

काकू अमेरिकेला चालल्यात ही बातमी आमच्या गल्लीत तिकीट निघायच्या आधीच पसरली. पालम तालुक्याचं गाव असलं तरी इथं बातमीला मोबाईल लागत नाही, कंपाऊंडची भिंत पुरते. काकूंच्या आणि हज्जनबीच्या अंगणातली भिंत तर जेमतेम कमरेएवढी. तिच्यावर कोपर टेकून या दोघींनी निम्म्या पालमातल्या सोयरिकी जुळवल्यात, आणि उरलेल्या निम्म्यांत खोट काढलीय. माझं अंगण मागच्या बाजूला, त्यामुळं मी कायमची तिसरी.

"कवा निघायलेत मग?" हज्जनबीनं विचारलं.

"पुढल्या महिन्यात. लेकीचं बाळंतपण हाय न्यू जर्सीला. हैदराबादहून दुबई, तिथून पुढं. हेबी येयलेत संग." हे म्हणजे काका. ते ओसरीवर पेपर वाचत होते, म्हणजे ऐकत होते.

"बॅगेत काय काय घेतलं?"

काकूंचा चेहरा खुलला. "डिंक, आळीव, खारीक, सुंठ, उडदाचे पापड, आन् खसखस. बाळंतिणीला खीर नको का?"

"खसखस काढा आधी!" हज्जनबी भिंतीवरून निम्मी आत आली. "अफूच्या बोंडातलं बी हाय ते. सौदीत बंदी, दुबईत बंदी. हजच्या ट्रेनिंगला आमाला बजावून सांगितलंय. जेलात बसायचंय का?"

"आमी कुठं दुबईत राहायलो? निस्तं विमान तर बदलायचं."

"विमान तुमी बदलता, पर बॅग तर त्यांच्याच मुलखातून जाती ना? कशाला उगं इषाची परीक्षा?"

खसखस निघाली. मग औषधांची पिशवी उघडली, आणि हज्जनबीनं कपाळाला हात लावला. आपल्याकडं मेडिकलवर जाऊन आपण म्हणतो, 'बीपीच्या दहा द्या.' तो कात्रीनं पट्टी कापून देतो. नाव एका तुकड्यावर, तारीख दुसऱ्यावर, आणि आपल्या हातात तिसराच. काकूंच्या डब्यात असले तुकडे रबरानं बांधून ठेवलेले. पांढरी सकाळची, गुलाबी रातची, एवढीच त्यांची ओळख.

"तिथल्या साहेबानं विचारलं, ही कशाची गोळी, तर काय सांगताल? गुलाबी हाय म्हणून?"

इथं मी तोंड घातलं. परदेशी जाताना गोळ्या अख्ख्या पट्टीत, नाव आणि मुदत दिसेल अशा घ्याव्यात. सोबत डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी हवी. तिच्यात कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नावही पाहिजे, कारण आपल्या कंपन्यांची नावं तिथं कुणाला कळत नाहीत. आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो, त्याला अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल तिथं अल्ब्युटेरॉल होतं. आणि चिठ्ठीवरचं नाव पासपोर्टावरच्या नावाशी जुळलं पाहिजे. काकूंच्या दवाखान्याच्या फाईलवर घरातलं लाडाचं नाव, पासपोर्टावर सासरचं. ते आधी दुरुस्त करायचं ठरलं.

"सहा महिन्यांच्या गोळ्या भरून टाकते एकदाच," काकू म्हणाल्या.

तेही तितकं सरळ नाही. अमेरिकेत स्वतःपुरतं औषध साधारण 90 दिवसांचं न्यावं, असा संकेत आहे. राहायचं जास्त असेल तर पुढची सोय काय, हे लेकीला आणि डॉक्टरांना आधीच विचारून ठेवायचं. गुंगीच्या, झोपेच्या, कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेल्या गोळ्यांचं तर वेगळंच. दुबईकडं त्यांना आधी परवानगी लागते. गुडघेदुखीसाठी कुणी शेजारणीनं दिलेली पुडी बॅगेत टाकायची नाही. शेजारीण मी असले तरी.

काका आता पेपर खाली ठेवून उठले. त्यांना इन्सुलिन चालू आहे. "मी तर बर्फाच्या डब्यात घालून मोठ्या बॅगेत ठेवणार व्हतो."

"मोठ्या बॅगेत अजाबात नाही," मी म्हणाले. विमानाच्या पोटात सामान गारठू शकतं. इन्सुलिन एकदा गोठलं की वाया गेलं, वितळलं तरी उपयोग नाही. ते बर्फाला चिकटूनही ठेवायचं नाही. इन्सुलिन, सुया, साखर मोजायचं मशीन, पट्ट्या आणि रोजच्या गोळ्या हातातल्या बॅगेतच पाहिजेत. मोठी बॅग मागं राहिली तर पापडावाचून माणूस जगतो. शिवाय उन्हाळ्यात न्यू जर्सीचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागं असतं. पश्चिमेकडं जाताना तो दिवस लांबतो, म्हणून सुई कधी आणि किती घ्यायची हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यायचं. अंदाजपंचे काम नको. खिशात साखर नाहीतर बिस्किटं असू द्यायची, आणि विमानात मधून मधून उठून चालायचं. तासन् तास पाय लोंबकळत बसलं की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची भीती असते.

खरा गोंधळ पुढं झाला. लेकीनं फोनवर सांगितलं होतं, इकडच्या डॉक्टर म्हणतात, आईबाबांनी डांग्या खोकल्याची लस घेऊन यायचं. काकू तेव्हापासून फुगलेल्या.

"चार लेकरं या हातानं वाढवली. आन् आता नातू हातात घ्यायला सुई टोचून घ्यायची? मालं काय रोग झालाय का?"

"झालेला कळत नाही, तीच तर गोम हाय," हज्जनबी म्हणाली.

ती बरोबर बोलली. मोठ्या माणसाला डांग्या खोकला झाला तर तो नुसता रेंगाळलेला खोकला वाटतो. तोच नवजात बाळाला लागला तर जिवावर बेततं. अमेरिकेत बाळाची स्वतःची ही लस दोन महिन्यांनी सुरू होते. तोवर त्याला आईचा आधार, म्हणून आईला ती गरोदरपणातच देतात. बाळाजवळ राहणाऱ्या आजीआजोबांनी ती बाळ हातात घेण्याच्या निदान दोन आठवडे आधी घ्यावी, असं तिथलं सांगणं. फ्लूचीही त्याबरोबर.

"आन् मी न्हाई का घेतली?" हज्जनबीनं पदर सावरला. "मेंदूज्वराची सुई, पोलिओचे थेंब. मेंदूज्वराची दहा दिवस आधी घेतल्याबिगर सौदी आत घेत नाही."

हे उगाच नाही. 2000 सालच्या हजमध्ये मेंदूज्वराची साथ आली आणि परतणाऱ्या हाजींबरोबर देशोदेशी पोचली. त्यानंतर चार प्रकारच्या जंतूंवरची लस सक्तीची झाली. उन्हाचंही तसंच. 2024 च्या हजमध्ये मक्केत पारा 50 अंशांच्या वर गेला आणि सौदी सरकारनं 1,301 मृत्यू सांगितले. त्यातले बहुतेक परवान्याविना गेलेले, म्हणजे ज्यांना ना तंबू, ना गाडी. हज्जनबी मात्र निघायच्या आधी रोज पहाटे गंगाखेड रोडला चालायची. आम्ही तेव्हा हसायचो.

एवढ्यात आमच्या गल्लीतले गुरुजी भाजीची पिशवी घेऊन थांबले. त्यांचा पुतण्या नोकरीला नायजेरियाला निघालाय. पीतज्वराची लस त्याला मुंबईला जाऊन घ्यावी लागली, कारण ती सरकारमान्य केंद्रावरच मिळते. त्या लशीचं पिवळं कार्ड दहा दिवसांनी लागू होतं, आणि 2016 पासून जन्मभर चालतं. कार्डाशिवाय तिकडून परतलं तर आपलंच सरकार सहा दिवस वेगळं ठेवतं. आपल्याकडं तो रोग नाही, पण तो पसरवणारा डास मुबलक आहे.

जाता जाता गुरुजींनी विम्याचं काढलं. काकांना एका एजंटानं सांगितलं होतं, फॉर्मवर शुगर लिहू नका, हप्ता वाढतो. गुरुजी म्हणाले, "हप्ता वाढू द्या. लपवलं आन् दवाखान्यात पडलात, तर कंपनी हात वर करील. आन् दात दुखत असंल तर इथंच दाखवा. परदेशच्या विम्यात दात बहुतेक बसत नाहीत." काकू लगेच गालाला हात लावून गप्प झाल्या. दाढ महिनाभर ठणकत होती म्हणे.

मला त्या दिवशी एक गोष्ट पटली. हज्जनबी शाळा फारशी शिकली नाही, पण परदेशी जाण्यात ती आमच्यापेक्षा हुशार निघाली. कारण हज कमिटी मागं लागते. तपासणी करा, फिटनेसचा दाखला आणा, लस घ्या, ट्रेनिंगला या. अमेरिकेला लेकीकडं जाणाऱ्यांच्या मागं कुणी लागत नाही. त्यांना विचारतात ते एवढंच, की लोणचं किती घेतलं.

तेव्हा तुमच्या घरातलं कुणी लेकाकडं-लेकीकडं निघालं असेल, तर निघण्याच्या चार ते सहा आठवडे आधी त्यांना डॉक्टरांकडं न्या. चिठ्ठी, लशी, दात, चष्म्याचा नंबर आणि विम्याचा फॉर्म एवढं उरकून घ्या. पापड नंतर लाटले तरी चालतात.