येसर, इस्त्री आणि अरबी समुद्र

बीड जिल्ह्यात अकरा तालुके आहेत आणि त्यांतल्या एकालाही समुद्र लागत नाही. माजलगावच्या धरणावर उभं राहिल्यावर पलीकडचा काठ दिसेनासा झाला की इथला माणूस खूश होऊन ‘समुद्रावाणी दिसायलंय’ म्हणतो आणि मे महिन्यात गप्प बसतो. रेल्वेचं तर विचारूच नये. अहिल्यानगर–बीड–परळी हा मार्ग २६१ किलोमीटरचा, मंजुरी १९९५ची आणि बीडहून प्रवासी गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ला. तीस वर्षं गाडीची वाट पाहिलेल्या जिल्ह्यातला माणूस ‘बोर्डिंग दुपारी बंद होईल’ असल्या धमक्यांना भीक घालत नाही. प्रस्तुत लेखक मात्र भित्रा. तो सौ.ला घेऊन आदल्या दिवशीच मुंबईत हजर झाला.

माजलगावच्या या निवृत्त कारकुनाला क्रूझवर पाठवण्याची कल्पना जावयाची. ‘तिकिटात सगळं आलं, मामा. दर तासाला खायला.’ सौ.नी ते ऐकून घेतलं आणि ज्वारीचं पीठ मळायला घेतलं. ‘मिळत असंल. पण आपल्याला चालंल असं मिळतंय का?’ परिणामी बॅगेत पंधरवडा पुरतील इतके धपाटे, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, चहासाठी विजेची किटली, टॉवेलात गुंडाळलेली इस्त्री आणि तीन पिनांचा बोर्ड. उरलेल्या जागेत कपडे.

बॅलार्ड पिअरचं नवं क्रूझ टर्मिनल २०२५च्या सप्टेंबरात सुरू झालं. तपासणीच्या खिडक्या ७२. एका खिडकीसमोर तासभर उभं राहण्याची सवय असलेल्या लेखकाला कुठल्या रांगेत भांडावं हेच कळेना, तोवर नंबर लागून गेलासुद्धा.

केबिन सगळ्यात स्वस्तातली, म्हणजे बिनखिडकीची. जहाजावर भाडं खोलीचं नसतं, समुद्र दिसण्याचं असतं. आत असाल तर कमी, गोल काचेतून पाहाल तर जास्त, बाल्कनीत उभे राहाल तर फार जास्त. लेखकाच्या भिंतीवर समुद्राचं एक चित्र होतं. त्याचे पैसे बहुधा पोर्ट चार्जेसमध्ये धरले असावेत.

मग लाइफ जॅकेटचा सराव. लेखक पोहायला शिकला तो पाठीला रिकामा डबा बांधून, गावच्या विहिरीत. त्यामुळे नारिंगी जॅकेटचं त्याला कौतुक वाटलं नाही. पण हा सराव म्हणजे पोरखेळ नव्हे. १३ जानेवारी २०१२ला इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटून कलंडली, ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी नव्याने चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव व्हायचाच होता. नियम तेव्हापासून कडक झाले. एवढं वाचून आलेला लेखक शिटी कुठे आहे ते दोनदा विचारून घेत होता आणि सौ. त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहत होत्या.

परत येतात तो प्रत्येक दाराबाहेर ज्याची त्याची बॅग. यांच्या दाराबाहेर काही नाही. सहा वाजले, साडेसहा वाजले. शेजारचे लोक झगमगीत कपड्यांत फोटो काढायला वर निघाले. लेखक अजून बसमधल्या चुरगळलेल्या शर्टात. रात्रीच्या जेवणाला अर्धी चड्डी आणि चप्पल चालणार नाही, अशी पाटी होती. रातराणीत झोपून आलेल्या शर्टाबद्दल पाटी काही बोलत नव्हती.

अखेर भोंग्यावरून केबिन नंबर पुकारला गेला. सगळ्यात खालच्या मजल्यावर या.

त्या मजल्यावर गालिचा संपतो आणि पत्रा सुरू होतो. एका लोखंडी दारासमोर पंधरावीस जणांची रांग आणि जहाजावरची एकमेव खरी सभा. वरच्या थिएटरातल्या जादूगाराला नंतर एवढी गर्दी जमली नाही.

पुण्याचे एक गृहस्थ इस्त्रीच्या आरोपावरून आत आले होते. ‘इस्त्री नको, मान्य. भर समुद्रात आग लागली तर बंब कुठून येणार? माझं दुखणं तिकिटाचं आहे. जाहिरातीत आकडा केवढा! आणि पोर्ट चार्जेस, टिप्स, जीएसटी कुठे, तर मुंगीच्या अक्षरात.’ मुलुंडची गुजराती मंडळी थेपल्यांसकट पकडली गेली होती, पण त्यांची जहाजाबद्दल तक्रार नव्हती. जैन जेवणाचा वेगळा भाग आहे म्हणून ती तृप्त होती. सोलापूरच्या बाई म्हणाल्या, बुफे चांगला आहे, पण डाळीला मीठ नाही आणि तीनला ताट उचलतात. नाशिकचा एक तरुण वायफायच्या दराने हादरलेला. पाण्याच्या बाटलीचेही पैसे पडतात, हे त्यानेच सांगितलं. ‘चारी बाजूंना पाणी आणि प्यायचं विकत!’

सगळे हळहळले. लेखक हळहळला नाही. बीडच्या माणसाला पाणी विकत घेण्याचं दुःख समजावून सांगायच्या भानगडीत कुणी पडू नये. त्याने उलट रखवालदारालाच गाठून विचारलं, जहाजावर टँकर येतो कुठून? टँकर नसतो. समुद्राचं पाणी दाबाने बारीक पडद्यातून गाळतात, नाहीतर इंजिनाच्या उष्णतेवर त्याची वाफ करून थंड करतात, आणि मोठी जहाजं दिवसाला लाखो लिटर गोडं पाणी तयार करतात. लेखक काही वेळ बोललाच नाही. २०१६च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आणि इथे पोहण्याच्या तलावाची खोली घोट्यापासून गळ्यापर्यंत हवी तशी मिळत होती.

नंबर आला. किटली जप्त, पावती. इस्त्री जप्त, पावती. बोर्ड जप्त. मग रखवालदाराने तळातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत विटकरी रंगाची पूड. लेखकाला तिचा पत्ताच नव्हता.

‘ये क्या है?’

२ ऑक्टोबर २०२१ला मुंबईच्या बंदरात एका क्रूझवर अमली पदार्थ नियंत्रण विभागाचा छापा पडला होता आणि पुढे महिनाभर वाहिन्यांना दुसरं काम नव्हतं. लेखकाच्या डोळ्यांपुढे आपली बातमी सरकू लागली : माजलगावच्या निवृत्त कारकुनाकडे पूड.

‘येसर हाय भैय्या,’ सौ. पुढे झाल्या. ‘आमटी में डालते. लग्नात करते हमारे उधर.’ भाजलेली धान्यं, डाळ, गरम मसाला, सगळं कुटून केलेलं ते पीठ. रखवालदाराने पिशवी उघडून खोल हुंगली. पहिली शिंक त्याची. मग मुलुंडची. पुण्याच्या गृहस्थांनी ‘अस्सल आहे’ असा निर्वाळा डोळे पुसत दिला. येसर सुटलं.

धपाटे सुटेनात. शिजवलेलं बाहेरचं अन्न आत नेता येणार नाही, पिंपात टाका.

‘अन्न टाकायचं?’ सौ.चा आवाज त्या पत्र्यावर घुमला. ‘आत न्यायचं नाही म्हणता ना? नाही नेत.’ त्यांनी तिथेच पत्र्यावर टॉवेल अंथरला, फडकं सोडलं आणि रांगेत वाटप सुरू केलं. पोटातून काय न्यावं याबद्दल कंपनीचा नियम नव्हता. थेपलेवाल्यांनी थेपले काढले. नाशिककराने ठेचा दोनदा मागितला आणि वायफायचा दर विसरला. रखवालदार ड्युटीवर होता, म्हणून त्याच्या वाट्याचा धपाटा सौ.नी कागदात गुंडाळून टेबलाखाली ठेवला आणि त्याने तो पाहिला नाही.

गोवा आलं. गोव्यात ऊन होतं.

परतीच्या रात्री हिशेबाचा कागद दाराखालून सरकला. दोन बाटल्या पाणी आणि माणशी, दिवसागणिक, ‘ग्रॅच्युइटी’. लेखक खवळला. कारकुनाला ग्रॅच्युइटी मिळते, द्यावी लागत नाही! परदेशी जहाजांवरही हीच तऱ्हा. रॉयल कॅरिबियनसारखी कंपनी साध्या केबिनला माणशी रोज साडेअठरा डॉलर लावते, आणि पगाराचा बोजा तिकिटातून काढून प्रवाशाच्या लाजेवर टाकायची युक्ती सगळ्यांना साधलेली आहे. लेखक काउंटरवर जायला निघाला. दारात केबिन आवरणारा पोरगा उभा होता, कणकवलीकडचा.

सौ. त्याच्याशी बोलत होत्या. करार आठ महिन्यांचा, रविवार नाही. आंतरराष्ट्रीय नियमाने जास्तीत जास्त आठवड्याला ७२ तास काम; पोरगा हा आकडा ऐकून नुसता हसला. मुलगी झाली तेव्हा तो समुद्रावर होता. फोनमधला फोटो त्याने दाखवला.

‘आमच्याकडचे बी असेच जातात,’ सौ. म्हणाल्या. ‘दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन कारखान्यावर, ते गुढीपाडव्याच्या सुमाराला येतात. पण ते लेकरं संगं नेतात. उसाच्या फडात का व्हईना, डोळ्यांपुढं असतात.’ मग विचारलं, ‘बसाया लागली का?’

‘रांगते म्हणे,’ पोरगा म्हणाला.

लेखक काउंटरवर गेला नाही. कंपनीवरचा राग त्याने तसाच ठेवला आणि पोराच्या हातात वेगळी नोट कोंबली, ती कागदावर कुठे लागणार नव्हती.

सकाळी बंदर दिसू लागलं. खाली किटल्या-इस्त्र्या परत घेण्यासाठी पुन्हा तीच मंडळी जमली. सगळ्या किटल्या पांढऱ्या, त्यामुळे पुणे आणि सोलापूर यांच्यात पावत्यांवरून जुंपली होती. लेखक वर हिशेब चुकवत होता. सौ. कागदावर बोट ठेवून एकेक ओळ विचारत होत्या.

‘हे बाटलीचं. आणि आंघोळीच्या पाण्याचं कुठंय?’

‘त्याचे पैसे नाहीत, मॅडम.’

‘कितीबी वापरलं तरी?’

‘कितीही.’

भोंग्यावरून उतरण्याची पहिली सूचना झाली. सौ.नी केबिनची चावी लेखकाच्या हातातून काढून घेतली. ‘तुम्ही इस्त्री घेऊन या,’ त्या म्हणाल्या, ‘मी डोक्यावरून करून येते.’