ब्लूटूथकाका

ब्लूटूथकाकांना बोलवायला जावं लागत नाही. 'हॅलो, माझा आवाज येतोय का?' हे वाक्य कुणाच्याही फ्लॅटमधून तीनदा ऐकू आलं की चौथ्या हॅलोला दारावरची बेल वाजते. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त. चष्मा कपाळावर, खिशात टेस्टर. बिनतारी हेडफोनला टेस्टर कुठे लावणार, हे विचारायची आजवर कुणाची टाप झालेली नाही.

आल्या आल्या लॅपटॉपला हात लावतील तर ते काका कसले! आधी जबानी.

"वहिनी, आवाज विहिरीतून आल्यासारखा येतोय, की मधेमधे तुटतोय?"

"अहो, माझी मीटिंग चालू आहे."

"असू दे. हे दोन वेगळे आजार आहेत."

आणि ते खरोखरच वेगळे आहेत, इथे काकांना मानलंच पाहिजे. गाणी ऐकताना लॅपटॉप हेडफोनशी ए-टू-डीपी नावाच्या पद्धतीने बोलतो. आवाज स्टिरिओ, भरदार, पण वाहतूक एकेरी. मीटिंगसाठी हेडफोनचा माइक सुरू झाला रे झाला, की लॅपटॉप गुपचूप 'हँड्स-फ्री'वर उडी मारतो. येण्याजाण्याला एवढीशी वाट, त्यामुळे आवाज मोनो होतो. त्यातल्या जुन्या तऱ्हेत तर सेकंदाला आवाजाचे जेमतेम ८,००० नमुने घेतले जातात. सीडीवर ४४,१०० असतात.

"आठ हजार!" हा आकडा उच्चारताना काकांचा कंठ दाटून येतो. डिजिटल एक्स्चेंजमध्येही तेवढेच असत, आणि काकांची नोकरी त्या आठ हजारांत गेली. "ह्या आवाजाला नावं ठेवू नका वहिनी. ह्याच आवाजावर लोकांनी पोरींची लग्नं ठरवली."

उपाय सोपा आहे. सेटिंगमध्ये आउटपुट हेडफोनचं ठेवायचं आणि इनपुटला लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडायचा. पण इतक्या स्वस्तात रोगी बरा करणं काकांच्या तत्त्वात बसत नाही.

तुटणाऱ्या आवाजासाठी तर घराची झडती होते. ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. तिथेच अनेकांचं वायफाय, तिथेच मायक्रोवेव्ह, आणि यूएसबी ३.०च्या हार्डडिस्कसुद्धा तिथेच कुरकुर करतात. काका राउटर पाच गिगाहर्ट्झवर नेतात, हार्डडिस्क पलीकडच्या बाजूला लावतात आणि स्वयंपाकघरात डोकावतात.

"मायक्रोवेव्हमध्ये काय आहे?"

"वरण."

"मीटिंगच्या वेळी वरण गॅसवर तापवायचं."

मग जुनं पेअरिंग काढून टाकून नव्याने जोडणं. काका हेडफोनचं बटण अंगठ्याने दाबून धरतात. श्वास रोखलेला, डोळे त्या मोहरीएवढ्या दिव्यावर. दिवा लुकलुकायला लागला की श्वास सुटतो, आणि त्याबरोबर हॅराल्डची कथाही. हॅराल्ड ब्लूटूथ हा दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा. १९९७ मध्ये इंटेलच्या एका इंजिनिअरने त्याचं नाव सुचवलं, आणि ते निळं चिन्ह म्हणजे त्याची जुन्या लिपीतली आद्याक्षरं. सत्यनारायणाच्या कथेसारखी ही कथाही सोसायटीत सगळ्यांना पाठ आहे. प्रसादासाठी बसून राहायचं, एवढंच.

एवढं सगळं होऊनही कधीकधी हेडफोन मुका तो मुकाच. मग आतल्या खोलीतून वहिनींचे अहो फोन हलवत बाहेर येतात. "अगं, ह्या फोनला आवाजच नाही, मघापासून रील नुसते बघतोय." हेडफोन त्यांच्या फोनला चिकटलेला असतो. काका जराही ओशाळत नाहीत. "मल्टिपॉइंट," असं म्हणून ते अहोंकडे अशा नजरेने बघतात, की अहोंना आपण लाइन टॅप करताना सापडल्यासारखं वाटतं.

काकांना शत्रू एकच. तिसऱ्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा. तो जिन्यातूनच विचारतो, "काकू, रीस्टार्ट केलं का?" आणि निघून जातो. निम्म्या वेळा तेवढ्याने काम होतं, हे काकांचं खरं दुखणं. रीस्टार्ट म्हणजे रोग्याला झोपवून बरं झाल्याचं जाहीर करणं, असं त्यांचं स्पष्ट मत आहे. कारण कळलं नाही तर दुरुस्ती कसली?

शेवटी आवाज येतो. मीटिंग तोवर संपलेली असते, पण काकांसमोर तो विषय काढायचा नसतो. चहा होतो. काका दारात जातात, एक पाय चपलेत घालून थबकतात, जिन्यात कुणी नाहीसं बघतात आणि आवाज खाली आणून म्हणतात,

"वहिनी, आता एकदा रीस्टार्ट मारून घ्या. उगाच रिस्क नको."